माझ्या चाळीस ओळींची तपासणी

नव्वदचं दशक संपत आलं होतं, यूएसबी अगदी नवं होतं. सुरतच्या आमच्या छोट्या ऑफिसात यूएसबीचं कार्ड बनत होतं, आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला ते कार्ड वापरायला शिकवणारा प्रोग्रॅम, मी लिहिला होता. मी तिथल्याच डिंडोलीची, वडील कापडाच्या लूमवर कामाला. सहा महिन्यांत नोकरी पक्की झाली नाही तर लग्न, असं घरात ठरलेलं. शनिवारी सहा महिने संपत होते आणि रविवारी लिंबायतचे पाहुणे मला बघायला येणार होते.

आणि गुरुवारी काय, तर आमचं कार्ड लावलं की नेटवर्कच बंद!

मी ठणकावून सांगितलं, नेटवर्क कार्ड भंगार आहे. आमच्या गुजराती सरांनी इंटरप्टच्या चाळीस ओळींचा प्रिंटआउट काढला, लाल पेन घेतलं न् म्हणाले, "बेन, मोटेथी वांच." मोठ्यानं वाच. समजावून सांगायचं नाही, नुसतं वाचायचं, ही त्यांची पद्धत. मी फणफणले. मी काय बालवाडीत आहे? पण वाचलं, आणि अकराव्या ओळीला माझीच जीभ अडखळली. इंटरप्ट म्हणजे कार्डानं मारलेली हाक. दोन्ही कार्डं एकाच लाइनवरून हाक मारायची, आणि माझा कोड कुणाची ते न बघता "माझीच, झालं काम" म्हणून मोकळा. शेजाऱ्यांत नि आपल्यात एकच असलेला फोन उचलून, कुणासाठी आहे ते न विचारताच ठेवून द्यावा, तसं.

तेवढ्यात मालक आले, सरांना म्हणाले, "तुम्हीच करा ना दोन मिनिटांत!"

"जिनं लिहिलंय तीच करेल. मी हात लावणार नाही," सर म्हणाले. मला इतका राग आला! वाटलं, हा माणूस मला घालवणार.

अख्खा शुक्रवार त्यात गेला. आधी आपल्या कार्डाचं रजिस्टर, म्हणजे हाक मारल्याची खूण कार्ड जिथे ठेवतं ती जागा, बघायचं; हाक आपली असेल तरच काम, नाहीतर "माझी नाही" म्हणून सोडून द्यायची. सरांनी तीनदा वाचायला लावलं, तेव्हा कुठे पेनाला टोपण लागलं.

शनिवारी दोन्ही कार्डं चालली. मालक सरांचे आभार मानायला लागले, तर सरांनी प्रिंटआउट पुढे सरकवला. वर नाव माझ्या एकटीचं. "मी हात लावला असता तर तुम्ही हिला ठेवलं असतं?" त्यांनी सरळ विचारलं. मालक हसले, आणि मला पक्कं केलं. मला रडूच फुटलं. देवमाणूस, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

घरी सांगितलं. वडिलांनी चहासुद्धा घेतला नाही. तडक लिंबायतला गेले आणि पाहुण्यांच्या दारातूनच आमच्या बोलीत लेकीचं, म्हणजे आंडेरचं, सांगितलं, "मनी आंडेर नोकरीले पक्की व्हयनी. आते थांबा."