दहऱ्यावरचा पहारा

शिवनाथ नदीच्या काठावर मी पहिला गुन्हेगार पकडला आणि त्याच्या पिशवीत कणीक निघाली.

सकाळी एक म्हातारा वाकून पाण्यात काहीतरी पांढरं टाकत होता. मी ओरडलो, पिशवी हिसकावली. तो शांतपणे म्हणाला, "आटा ए साहब. चाख के देख लेव."

मी चाखलीसुद्धा! मग कळलं, हा केवटांमधला, म्हणजे इथल्या नावाडी-कोळ्यांमधला वडीलधारा; माशांना कणीक घालायला येतो. दहऱ्यात, म्हणजे नदीच्या त्या खोल डोहात, कोणी जाळं टाकायचं नाही, हे गावाकडून यानंच कबूल करून घेतलेलं. म्हणून तिथं कासवं होती, पाणमांजरं होती, मला नावंही ठाऊक नसलेले मासे होते.

त्या उन्हाळ्यात मात्र मासे मरून वर येऊ लागले. गाव चिडलं. असेच मरायचे असतील तर आम्हीच का धरू नये? आणखी एकदा मेले की जाळी पडणार होती, आणि म्हाताऱ्याच्या शब्दाला कोणी विचारणार नव्हतं.

आम्ही नेहरू नगरातले सहा-सात जण, सगळे स्टील प्लांटमधले, दर रविवारी दहऱ्यावरचा घाट झाडायला जायचो. आता झाडणं कमी, पाळत जास्त. माझी सगळी नोकरी सेफ्टीत गेलेली. डबा घेऊन जाणारा सायकलवालाही मला विष नेताना दिसायचा. वीटभट्टीवाला, काकडीची वाडी लावणारा, कोणी सुटला नाही. म्हाताऱ्याच्या पुतण्यावरही माझा डोळा होता.

एका सोमवारी सुट्टी होती म्हणून गेलो. पाण्यावर बोटभर मासे उलटे तरंगत होते. म्हाताऱ्यानं विचारलं, "साहब, सोमवारेच के काबर मरथे?" सोमवारीच का मरतात?

"रविवारी पिकनिकवाले येतात ना," मी लगेच म्हणालो.

 तो नुसता घाटाच्या पायऱ्यांकडे बघत राहिला. मीही बघितलं.

टाउनशिपमध्ये नाली साफ केली की शेवटी ब्लीचिंग पावडर मारायची, त्याशिवाय काम झाल्यासारखं वाटतच नाही. तशीच या उन्हाळ्यापासून आम्ही पायऱ्यांवर मारायचो, वरून बादल्या ओतायचो. सगळं खाली दहऱ्यात. कल्पना माझी. फोटोतही मीच पुढे.

त्याच संध्याकाळी गावाची बैठक होती. उभा राहून म्हणालो, "मारनेवाले हम हैं." मागून कोणीतरी म्हणालं, "तो इनको ही डाल दो दहरा में." कोणी हसलं नाही.

म्हाताऱ्यानं हात जोडून, पावसापर्यंत जाळी टाकू नका, अशी मुदत मागितली. मिळाली. पण रविवारी केवटांचा एक माणूस आमच्यावर नजर ठेवणार, ही अट.

घरी येऊन सगळं सांगितलं. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एक माणूस पुरन काय तुमाले? या रविवारी मी पण येऊन राहिली."