पेन्सिलीने लिहिलेली नोंद

विश्रांतवाडीच्या आमच्या महिला आधारगृहात घटनांची नोंदवही पेन्सिलीने लिहायची पद्धत होती. कोणी जेवण सोडलं, कोणाचा नवरा फाटकाशी येऊन शिव्या देऊन गेला, की मी लिहायची. शनिवारी आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, वाचायच्या आणि ठेवायचं त्यावर पेन फिरवायच्या. बाकीचं मी खोडायची. इतकी वर्षं मला त्यात काही वावगं दिसलं नाही. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

यंदा देणगीदारांनी अट घातली, सगळ्या घटना कॉम्प्युटरवर. शिकवायला एक आयटीतली मुलगी आली. "मॅम, सिंपल आहे. इन्सिडेंट टाकायचा, सेव्ह करायचं. पण एकदा सेव्ह केलं की डिलीट होत नाही हं, कोणालाच."

"वा! म्हणजे आता चुकायचीही सोय नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. आम्ही हसलो. जुन्या वह्यांतलं कॉम्प्युटरवर भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

एका वहीला मी तीन दिवस हात लावला नाही. त्यातलं एक पान कोरं दिसतं, पण खिडकीशी तिरकं धरलं की माझंच अक्षर उमटलेलं दिसतं.

ते पान जिच्याबद्दल होतं, ती लोणी काळभोरची होती. समेटाची बैठक झाली, नवऱ्याने सगळ्यांना पेढे वाटले. पिशवी घेऊन उतरताना जिन्यात तिने माझा हात घट्ट धरला. "ताई, नका पाठवू मला. त्यो जीव घेईल माझा."

मी लगेच लिहिलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, पेढे खाल्लेत ना आपण? मग आता हे कशाला?" मी खोडलं. ती गेली.

दोन महिन्यांनी हवालदार आला. ती विहिरीत सापडली होती. पाय घसरला, असं नवरा सांगत होता. "इथं काही बोलली होती का?" मी वही पुढे केली. त्याने पान पाहिलं, चहा घेतला आणि गेला. तेव्हापासून जिना चढताना मी उजवा हात पदराखाली धरते. तिने तोच धरला होता. मला भीती वाटते, अजूनही वाटते.

काल शेवटी नोंद टाकायला बसले. मोठ्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "संस्था बंद पडेल हो. वर अठरा जणी आहेत, त्या कुठे जातील?" खोटं नव्हतं ते.

तिचे शब्द भरले, ती बोलली तसेच. खाली रकाना होता, 'काय कारवाई केली?' मी लिहिलं, 'मी खोडलं. पोलिसांना कोरं पान दाखवलं.' पुढे माझं नाव टाकलं.

"थांबा ना हो," म्हणत मोठ्या बाईंनी माझा हात धरला. उजवाच.

मी डाव्या हाताने सेव्ह केलं.