उजव्या हाताला हरिहरेश्वर

मणक्याचं ऑपरेशन झालं आणि मी देवाशी बोलणं टाकलं. दिवा लावायचे, फूल वाहायचे, सगळं रीतसर चाललं होतं. पण बोलणं बंद. लग्न होऊन उरणला आले तेव्हापासून दरवर्षी मी हरिहरेश्वरला जात आले. आमचं कुलदैवत ते. तिथली रीत अशी, की आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, मग पुन्हा काळभैरवाचं, आणि ओहोटी असेल तर डोंगराला वळसा घालून समुद्राच्या कडेने खडकांवरून प्रदक्षिणा. देवाचा डोंगर उजव्या हाताला, समुद्र डाव्या. माझे पाय लहानपणी मिठागरात अनवाणी वाढलेले, त्यांना खडक काय नि शेवाळ काय! बरोबरच्या बायका एकमेकींचे हात धरत यायच्या आणि मी आपली पुढे. कुणी हात पुढे केलाच तर म्हणायचे, "राहू दे, मला नाय लागत." आता डॉक्टरांनी सांगितलं, वॉकर धरून घरातल्या घरात चार पावलं टाका, खडक-बिडक विसरा. मी मनाशी धरलं की देवानेच दार लावून घेतलं. प्रदक्षिणा होत नाही तर नुसतं तोंड दाखवायला कशाला जायचं? म्हणून जाणंच सोडलं.

अशात मुलांनी ती स्कूटर आणली. बॅटरीवर चालणारी, चार चाकांची, पुढे टोपली, खाली मऊ सीट. वेगाच्या बटणाच्या एका बाजूला कासवाचं चित्र, दुसऱ्या बाजूला सशाचं. मला बघूनच रडू आलं. आमचे हे गल्लीतून कंटेनरचा ट्रेलर रिव्हर्स घेताना मागे उभी राहून "येऊ दे, येऊ दे" ओरडणारी बाई मी, आणि आता असल्या खेळण्यावर बसायचं? वर सुनेने मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझची तिकिटंही काढून ठेवली होती. "आई, जहाजावर सगळीकडे लिफ्ट आहे, स्कूटर कुठेही जाते. तुम्ही दोघंच जाऊन या." उरणच्या किनाऱ्यावरून मी इतकी वर्षं जहाजं बघितली, पण ती कंटेनरची. जहाजावर मजा करायला जातात हे मला नवीनच होतं.

निघायच्या आधी आमच्या घरात वाजलंच. आमच्या घरी रीत आहे, कुठलंही नवं वाहन आलं की त्याचा पहिला फेरा हरिहरेश्वरचा. सगळे ट्रेलर, मोठ्याची मोटरसायकल, झाडून सगळे आधी काळभैरवाच्या पायाशी गेले आहेत. आमचे हे आयुष्यभर ट्रेलर चालवलेले, ते म्हणाले, स्कूटरलाही आधी तिकडे नेऊ.

"ती काय गाडी आहे? खुर्ची आहे ती," मी म्हटलं.

"अगं, चाकं हायेत, चावी हाय, हॉर्न हाय. मग गाडीच न्हाय का?"

मी काही ऐकलं नाही. स्कूटरवर बसून देवाच्या दारात जायची मला लाज वाटत होती, खरं कारण तेवढंच. शेवटी पहिला मान न देताच आम्ही निघालो.

खरं सांगते, जहाजावर गेल्यावर त्या स्कूटरशी माझं जमलं. एवढे लांबच लांब गालिचे घातलेले बोळ, आणि मी कासवावरून हळूहळू सशाकडे. जेवणाच्या हॉलमध्ये कोण कुठले लोक बाजूला होऊन वाट देत होते, आणि हे मागून, "अगं हळू, वळणावर हॉर्न दे!" संध्याकाळी मुंबई मागे पडली आणि डाव्या बाजूला आपला किनारा लागला. यांनी बोट दाखवलं. "आता आपला देव डावीकडं राहील. परवा येताना बघ, उजवीकडं येल."

ते सहज बोलून गेले, ड्रायव्हर माणूस, त्यांचं सगळं डावं-उजवंच. पण माझ्या काळजात काहीतरी हललं. देव उजव्या हाताला ठेवून समुद्राच्या बाजूने पुढे जायचं, म्हणजे प्रदक्षिणाच की! खडकांवरून नाही तर पाण्यावरून. कितीतरी महिन्यांनी मी देवाशी बोलले. म्हटलं, एवढं एकदा घडव. उजव्या बाजूच्या कठड्याशी मला बसू दे आणि तुझ्यापुढून जाऊ दे. हे घडलं तर दार उघडं आहे असं मी समजेन, नाही घडलं तर पुन्हा विचारणार नाही. असं देवाला धमकावू नये, कळतं मला. पण त्या वेळी तसंच मनात आलं. गोव्यात काय बघितलं ते मला फारसं आठवत नाही.

परतीच्या सकाळी उजाडायच्या सुमाराला जहाज हरिहरेश्वरच्या बाजूला येईल असं तिथल्या एका कर्मचाऱ्याने सांगितलं होतं. मी अंधारातच उठून, दिवा न लावता मोबाइलच्या उजेडातच आंघोळ केली, नऊवारी नेसले. लिफ्टने वर आलो तर उजव्या बाजूच्या डेकचं दार बंद. डेक धुणं चाललं होतं. सफाईवाला म्हणाला, डावीकडून जा, मागच्या टोकाला वळसा घाला, तोवर तिकडचं वाळेल. आम्ही डावीकडच्या दाराने बाहेर पडलो. थंड वारा, आभाळ राखाडी, समोर नुसतं पाणी. अर्ध्या वाटेत स्कूटरने एक बारीकशी शिटी मारली आणि ती थांबली. चावी फिरवली, बंद केली, पुन्हा फिरवली. काही नाही. दिवासुद्धा लागेना.

हे ढकलायला लागले तर ती जागची हलेना, चाकं जाम. यांची बायपास झालेली, मी ओरडले, "सोडा ते, तुम्हाला काही झालं तर?" वॉकर खाली खोलीत. माझी झेप चार पावलांची, आणि मागचं टोक केवढं लांब! आभाळ उजळत चाललं होतं आणि माझा देव जहाजाच्या पलीकडच्या बाजूने निघून चालला होता. तशात हे पुटपुटले, "बघ, पहिला मान दिला न्हाय ना..." माझा बांधच फुटला. भर डेकवर, नऊवारीचा पदर तोंडाला लावून मी हमसाहमशी रडले. वाटलं, मिळालं उत्तर. दार बंदच आहे.

तेवढ्यात चाकांचा आवाज आला. माझ्याच वयाच्या एक बाई, डोक्यावरून ओढणी, रिकामी व्हीलचेअर ढकलत येत होत्या. रिकामी म्हणजे खुर्चीत एक पिशवी नि थर्मास बसवलेला. मला रडताना बघून थांबल्या.

"काय झालं गं बाय?"

मी कसंबसं सांगितलं. हरिहरेश्वर म्हणताच त्यांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला, म्हंजे तुम्ही आपल्याकडच्याच! मी मुरुडची." आणि पिशवी उचलून खाली ठेवली. "बसा हिच्यात. माझ्या लेकानं बळंच घेऊन दिलीय. जहाज मोठं हाय, अम्मी, चालू नकोस म्हणतो. मला लाज वाटते बसायची. खुर्ची न्हाय नेली तर तो रागावतो, म्हणून नमाज झाली की मीच हिला फिरवते." एवढ्या रडण्यात मला हसू फुटलं. माझ्यासारखीच आणखी एक!

तोंडात आलं होतं, राहू द्या, मला नाही लागत. जन्माची सवय. पण त्या बाईने माझ्या काखेत हात घातलासुद्धा. मी बसले. पिशवी नि थर्मास माझ्या मांडीवर आले. यांना म्हटलं, चला. तर हे स्कूटरला धरून उभे. "गाडी रस्त्यात सोडून कसा येऊ?" त्यांना तिथेच ठेवून आम्ही दोघी निघालो.

मागच्या टोकाला वळसा घालून उजव्या बाजूला आलो तेव्हा सूर्य नुकताच डोंगरांच्या मागून वर येत होता. दूरवर काळसर डोंगरांची रांग. डेक अजून ओला होता, बाई जपून ढकलत होत्या. मागून धावल्याचा आवाज आला. हे! आयुष्यात पहिल्यांदा गाडी वाऱ्यावर सोडून आले होते, हातात मोबाइल उंच धरलेला. "रेंज आली, रेंज आली! हे बघ, नकाशावर आपण इथं, नि देव हा इथं, बरोब्बर समोर!"

मी उजवीकडे बघितलं. रांगेतला नेमका कुठला डोंगर आपला, ते मला शपथेवर सांगता येणार नाही. माझे डोळे वाहत होते. मी हात जोडले. बाई थांबल्या नाहीत, हळूहळू पुढे नेत राहिल्या, जहाज पुढे जात राहिलं, आणि देव माझ्या उजव्या हाताने मागे मागे सरकत गेला. मी एक पाऊलही टाकलं नव्हतं. सगळ्या जन्मात एवढी पुरी प्रदक्षिणा झाली नसेल. जीव असा भांड्यात पडला की मला वाटलं, आता इथेच झोप लागेल.

"नारळ न्हाय आणला," मी म्हटलं. बाईंनी माझ्या मांडीवरच्या पिशवीत हात घालून डबा काढला. घरच्या वाडीतल्या नारळाच्या वड्या. "हा घ्या, नारळच हाय." तिघांनी ती वडी प्रसाद म्हणून खाल्ली, वर थर्मासमधला चहा प्यालो. त्याच खुर्चीतून मला खोलीपर्यंत सोडल्यावर मी त्यांना तीत बसवलं, जबरदस्तीने, आणि यांनी त्यांना लिफ्टपर्यंत नेलं. त्या लाजून नुसत्या हसत होत्या.

स्कूटर जहाजाच्या माणसांनी उचलून आणली आणि तिचं कोडं खोलीत उलगडलं. तिथे दाराजवळच्या खाचेत कार्ड घातलं तरच खोलीत वीज. आणि आमचे हे! डिझेल चोरीला जातं म्हणून ट्रेलरची चावी जन्मभर उशाखाली घेऊन झोपलेला माणूस. रात्री दिवे मालवले आणि सवयीने खाचेतलं कार्ड काढून उशाखाली ठेवलं; दार उघडायचं दुसरं कार्ड माझ्याकडे होतं. चार्जर रात्रभर नुसताच लटकत होता. मी उशी उचलून कार्ड दाखवलं. "आणि म्हणे पहिला मान दिला नाही!" ते कान पकडून उभे राहिले. पोट दुखेपर्यंत हसलो आम्ही.

पुढे मी बराच विचार केला. बॅटरी भरलेली असती तर मी सशावर बटण ठेवून एकटीच कठड्याशी गेले असते, देव बघितला असता, आणि माझं मीच केलं म्हणून परत आले असते. यात देवाने काय केलं नि यांच्या विसरभोळेपणाने काय केलं, ते मी वेगळं करत बसत नाही. मी काय मागितलं होतं आणि मला काय मिळालं, एवढं मला ठाऊक आहे.

घरी आल्यावर पहिल्याच सोमवारी स्कूटर टेम्पोत घालून हरिहरेश्वरला नेली. हँडलला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, सगळा मान रीतसर. यांनी हॉर्न वाजवून घेतला. काळभैरवाच्या पायऱ्यांपाशी मी उतरले आणि वॉकरकडे बघितलं. पायऱ्यांवर वॉकरचा काही उपयोग नव्हता. बाजूने एक अनोळखी मुलगी आपल्या बाळाला घेऊन वर चालली होती, ती थांबली. "काकी, हात देऊ का?"

ओठांवर जुनं वाक्य आलंच होतं. ते गिळलं आणि माझा हात पुढे केला.

"दे गं बाय," मी म्हटलं, "घट्ट धर."