एका किटलीत बारा पाय

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. प्रार्थनेच्या खोलीबाहेर चपला साचतात ना, तसे ते साचतात. आत माणसं डोळे मिटून बसलेली असतात आणि बाहेर ढीग आपोआप वाढत असतो. निघताना मात्र ज्याची त्याला बरोबर सापडते. हल्ली संध्याकाळी निवांत बसलो की मला दिघ्याच्या त्या खोलीतलेच किस्से सापडतात. आणि गंमत बघा, सगळे पायांचेच!

सत्तरनंतरचे दिवस. ठाणे-बेलापूर रोडला कारखान्यांमागून कारखाने उभे राहत होते. आम्ही नगरकडची ख्रिस्ती माणसं तिथं कामाला लागलो आणि दिघ्याच्या चाळीत राहिलो. मी याकोब. शाळा नाही. कंपनीत ड्रम ढकलायचो. मार्था माझी बायको. लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली, तेव्हापासून तिचा डावा गुडघा वाकत नाही. सपाटीवर ती कुठंही येईल, पण बसची पायरी म्हणजे तिला डोंगर.

आमचं मोठं देऊळ, म्हणजे चर्च, ठाण्याला. पण चाळीचे मालक पाटील यांनी आम्हाला कोपऱ्यातली एक खोली प्रार्थनेला दिली होती, आणि दर रविवारी फादर बेंजामिन तिथं मिस्सा, म्हणजे आमची मोठी प्रार्थना, करायला यायचे. फादर वसईकडचे. हसरे, पण मिस्सा चालू असताना हसायचं नाही म्हणून हसू गिळायचे. त्या वेळी त्यांचे फक्त खांदे हलायचे.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, आमच्यात पाय धुण्याचा विधी असतो. येशूनं आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, म्हणून फादर बारा पुरुषांचे पाय धुतात. आता दिघ्यात आमचे पुरुष होतेच मुळी दहा-अकरा, त्यात दोघं सेकंड शिफ्टला! ठाण्याच्या मोठ्या फादरांनी सांगून ठेवलं होतं, "बारा मिळाले तर सण तिथं करा. नाही मिळाले तर सगळे इकडं या. मग खोली तरी कशाला ठेवायची?"

खोली गेली की मार्थाची मिस्सा गेली, हे मला कळत होतं. म्हणून सणाआधीचा उपवासकाळ लागला की मी माणसं शोधत फिरायचो. आणि मार्था भाकरी थापता थापता एवढंच विचारायची, "बारा झाले का?"

•

पहिल्याच वर्षी खुर्च्यांवरून भांडण. पेत्रस नावाचा क्रेन चालवणारा तरणा गडी होता. फादर म्हणाले, "तुझं नाव पेत्रस, येशूच्या पहिल्या शिष्याचं. तू पहिला." तो ऐटीत बसला. पण शेवटच्या खुर्चीवर कुणी बसेना!

कारण काय, तर शिष्यांच्या यादीत शेवटचं नाव यहूदाचं. ज्यानं येशूला धरून दिलं तो. "फादर, त्या फितुराची खुर्ची कोण घेणार?" एक जण म्हणाला, "आकराच ठेवा की!"

मी मुळात हळू चालणारा. पोचलो तेव्हा तेवढी एकच रिकामी होती. मी बसलो.

मार्था मागून फणकारली, "माझा नवरा काय यहूदा आहे का?"

फादर शांतपणे म्हणाले, "मार्थाबाई, यहूदा त्या रात्री पंगतीत होता. येशूला सगळं ठाऊक होतं, तरी त्याचेही पाय धुतले. त्याच पाण्यानं."

तेव्हापासून ती खुर्ची माझी. मला तिचा कधी राग आला नाही. उलट वाटायचं, जिथं इतकी माया वाया गेली तिथं आपण निदान नीट बसावं.

•

पाणी तापवायचं काम मार्थाचं. घरची मोठी ॲल्युमिनियमची किटली, रॉकेलचा स्टोव्ह. एप्रिलचा उकाडा, अंगाला घामाच्या धारा, आणि हिचं पाणी उकळतंय! कुणी म्हणालं, "काकू, गार चालेल की." तर ती म्हणाली, "दिवसभर बुटात कोंडलेले पाय. त्यांचा शीण गार पाण्यानं जायचा नाही."

फादर पहिल्या खुर्चीपुढं गुडघ्यावर बसले. पेत्रसच्या पायावर किटली कलंडवली.

"आई गंऽऽ! फादर, पाय धुताय का शिजवताय?"

फादरांचे खांदे हलायला लागले. अख्खी खोली तोंडात पदर-रुमाल कोंबून बसली.

घरी येऊन मी मार्थाला म्हटलं, "जरा बेतानं तापव गं."

ती म्हणाली, "किटली एक आणि माणसं बारा. पहिल्याला चटका बसेल एवढं तापवलं, तरच शेवटच्याला ऊन मिळणार. आणि शेवटी कोण बसतं?"

"मी."

"मग! शेवटपर्यंत ऊन होतं ना?"

"होतं की. ऊन ऊन!"

मग दर वर्षी तेच. पेत्रसची आरोळी, फादरांचे खांदे, आणि घरी आल्यावर मार्थाचा प्रश्न.

•

फादरांना आकड्यांची भारी हौस. एका रविवारी त्यांनी विचारलं, "सांगा बघू, शास्त्रात पुन्हा पुन्हा बाराच का येतात? बारा म्हणजे काय?"

मागून एक जण म्हणाला, "डझन!"

पेत्रस म्हणाला, "ओव्हरटाइम धरून ड्यूटी!"

आम्हाला वाटलं, फादर आता तापणार. तर ते म्हणाले, "अरे, तेही आहे शास्त्रात! दिवसाचे तास बारा असतात की नाही, असं येशूनंच विचारलंय!" पेत्रस त्या दिवशी फोरमन झाल्यासारखा चालत होता.

मग फादरांनी सांगितलं. इस्राएलाचे वंश बारा, म्हणजे सगळं गणगोत. भाकरी पुरून उरल्या त्या टोपल्या बारा, म्हणजे सगळे जेवले तरी उरतंच. स्वर्गातल्या नगराला वेशी बारा, चारी दिशांना तीन-तीन, म्हणजे कुठूनही या. "कुणी कुणी काय काय अर्थ लावतात," ते म्हणाले, "पण मला विचाराल तर बारा म्हणजे सगळे. एकही वगळलेला नाही."

मी धीर करून म्हटलं, "फादर, बाराखडी पण बाराच असते म्हणतात. ती मला येत नाही."

लोक हसले. फादर हसले नाहीत. दुसऱ्या रविवारपासून मिस्सा झाली की ते मला पाटी घेऊन बसवायला लागले. चाळिशी उलटल्यावर शिकलो मी! आज हे चार शब्द लिहितोय, ते त्या माणसाचे उपकार.

•

एका वर्षी फादर लवकर आले, तर चाळीच्या नळावर ही मोठी लाइन! बघतात तर आमचेच बारा जण. प्रत्येकाच्या हातात साबण. कुणी घासतोय, कुणी टाचेला दगड लावतोय.

"हे काय चाललंय?" फादरांनी विचारलं.

पेत्रस म्हणाला, "पाय धुतोय फादर. तुम्ही पाय धुणार ना, मग घाण पाय कसे पुढं करायचे?"

"मग मी काय धुऊ?"

पेत्रसनं जरा विचार केला. "तुम्ही फायनल हात मारा!"

•

पाटील, आमचे चाळमालक, मूळचे तळवलीचे आगरी. एकदा माणूस कमी पडला. मी गळाठून त्यांच्या दारात उभा. ते नुकतेच मिठागरावरून आलेले, पोटऱ्यांपर्यंत चिखल.

"किती कमी परतान?"

"एक."

"मंग मी हाय ना! चल."

"पाटील, पाय..."

"तो तुजा फादर धुनारच हाय ना? मंग मी कशाला धू?"

आणि तसेच येऊन बसले! पहिल्या धारेतच परात काळी झाली. फादर घासताहेत, घासताहेत, चिखल काही सुटत नाही. पाटील वरून म्हणतात, "सावकाश होऊ द्या. मना काय घाई नाय."

नंतर चहा पिताना त्यांनी विचारलं, हे बाराच का. फादरांनी सांगितलं. पाटलांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे तुमच्या देवानं पन गाव वसवलं! बारा बलुतेदार! लोहार नको, न्हावी नको, असं करून गाव चालत नाय."

पुढच्या रविवारी फादरांनी प्रवचनात हेच सांगितलं. बारा बलुतेदार, एकाला सोडून गाव नाही. लोक माना डोलावताहेत, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "फादर, शब्द माजा वापरलात, पन नाव नाय घेतलं!"

•

शेजारच्या खोलीत कांबळे राहायचे. कोकणातले, बौद्ध, कंपनीत क्लार्क. एक वर्ष आमचा एक जण तापानं पडला. मी त्यांचं दार वाजवलं.

"पूजाबिजा करावी लागेल का, याकोबकाका?"

"काही नाही. बसायचं. उजवा पाय पुढं करायचा."

आले. बसले. फादर त्यांच्यापुढं गुडघे टेकून बसले आणि पायाला हात लावणार, तर कांबळ्यांनी पाय मागं घेतला.

"फादर, मी तुमच्यातला नाही. मी कोण, कुठला, हे काकांनी सांगितलंय ना?"

फादर म्हणाले, "तुम्ही आज बारांतले एक. मला एवढं पुरे."

पाय पुढं आला. फादरांनी धुतला, पुसला, रीतीप्रमाणे ओठ टेकले.

बाहेर आल्यावर कांबळे चप्पल न घालताच उभे राहिले. मग म्हणाले, "काका, माझ्या आज्याला गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवू देत नव्हते. आज पाणवठाच चालत पायाशी आला."

त्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांनी फादरांना पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. आणि मग दर एप्रिलला स्वतःच विचारायचे, "काका, यंदा किती कमी?" एखाद्या वर्षी आमचे आम्ही बारा भरलो, तर तोंड पाडून बसायचे!

•

आणि मग ते वर्ष आलं. ऐंशीनंतरचं. आमच्या कंपनीला टाळं लागलं. कुणी गावी गेलं, कुणी पोरांकडं. पाटील दवाखान्यात. कांबळे पुतणीच्या लग्नाला कोकणात. मी दिघा पालथा घातला, तळवलीपर्यंत चालून आलो. इकडून तिकडून अकरा जमले. बारावा काही मिळाला नाही.

"बारा झाले का?" मार्थानं विचारलं.

"बघू."

किटली मात्र तिनं काठोकाठ भरली. बारा जणांची.

संध्याकाळी सगळे एकेक खुर्ची पुढं सरकले. मीही सरकलो. जन्मात पहिल्यांदा यहूदाची खुर्ची सोडून मी अकराव्या खुर्चीवर बसलो, आणि माझ्या शेजारी ती रिकामी. मार्था टॉवेल घेऊन भिंतीशी उभी होती. ती खुर्चीकडं बघत नव्हती. मी तेवढंच बघत होतो.

फादरही आता थकले होते. पेत्रसपासून सुरुवात केली. पेत्रसनं दात आवळून आरोळी गिळली. त्या दिवशी कुणालाच हसायचं नव्हतं. एक, दोन, तीन करत फादर माझ्यापर्यंत आले. माझा पाय पुसला. मग किटली हातात घेऊन रिकाम्या खुर्चीपुढं तसेच गुडघ्यावर थांबले.

"मार्थाबाई," ते म्हणाले, "बसा."

"अगंबाई! मी? मी बाईमाणूस. मी पाणी आणणारी."

"बसा."

पेत्रस हळूच म्हणाला, "फादर, ठाण्याला काय सांगायचं?"

"सांगू, बारा खुर्च्या होत्या. बाराही भरल्या."

मार्था आली. टॉवेल माझ्या मांडीवर टाकला आणि बसली. डावा पाय वाकत नाही, त्यामुळं तो सरळ पुढं आला. ती लाजून पातळ ओढून तो झाकायला लागली. "उजवा धुवा फादर. हा नको, हा अधू आहे."

"जो पुढं आलाय तोच," फादर म्हणाले, आणि त्यांनी किटली कलंडवली.

मार्थानं डोळे मिटले होते. ते तिनं खाडकन उघडले.

"अगंबाई! हे तर गार पाणी!"

ती माझ्याकडं वळली. भर मिस्सेत! "अहो! दर वर्षी विचारते, शेवटपर्यंत ऊन होतं का. आणि तुम्ही दर वर्षी म्हणता, ऊन ऊन होतं!"

मी आपला माझ्या पायांकडं बघत बसलो.

पहिल्या खुर्चीवरून पेत्रस ओरडला, "काकू, काकांना बोलू नका! ते खरं बोलले असते तर माझ्या पायाला कातडी उरली नसती!"

फादरांचे खांदे हलायला लागले. मग मानही हलली. मग ते मार्थाचा पाय दोन्ही हातांत धरून, तिथंच, मोठ्यानं हसले.

पुढच्या वर्षी पवित्र गुरुवारी, त्याच खोलीत, मार्था दोन किटल्या घेऊन आली.