पालथा हंडा

अख्ख्या केंटकीत कपडे पांढरेशुभ्र काढणारी बाई एकच, ती म्हणजे टेम्पी, असं टेम्पीच सांगायची. अन् खरंच होतं हो! पण धुण्याच्या लोखंडी हंड्याला हात लावला की तिचा चेहरा उतरायचा. लोकांना वाटायचं, म्हातारीची कंबर धरली.

कंबर कसली! गुलामीच्या दिवसांत मळ्यावरची माणसं रविवारी कोठारात चोरून प्रार्थनेला जमायची. दारात हंडा पालथा घातला की गाण्याचा आवाज त्यात अडकतो, गुलामांवर पाळत ठेवणाऱ्या गस्तवाल्यांच्या कानी पडत नाही, अशी सगळ्यांची खात्री. हंडा घालायचं काम केझायाचं. एका रविवारी मालकिणीच्या चादरी धुवायच्या राहिल्या होत्या, म्हणून टेम्पीनं दारातला हंडा गुपचूप उचलून नेला. नेमके त्याच दुपारी गस्तवाले आले. प्रार्थना सांगणारा रॅन्सम, केझायाचा नवरा, त्याच आठवड्यात दूर दक्षिणेत मिसिसिपीला विकला गेला.

"दारात हंडा नव्हताच! केझे, विसरलीस ना?" सगळे तिच्यावर तुटून पडले. बिचारीला स्वतःलाही तसंच वाटलं. आणि टेम्पी? तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. चाबकाची भीती होती, मान्य. पण पुढे गुलामी सुटली, चाबूक गेला, तरी हिचं तोंड उघडेना!

सुटकेनंतर केझायानं नवऱ्याच्या शोधाची जाहिरात दिली. ती वर्तमानपत्रात छापून यायची आणि गावोगावच्या चर्चमध्ये वाचली जायची. इथे पाद्रीबाबा वाचत, "माझा नवरा रॅन्सम, डाव्या भुवईवर व्रण. हंडा घालायला मी विसरले. मला माफ कर." टेम्पी मान खाली घालून ऐके. अशी नऊ वर्षं गेली.

एका रविवारी मात्र ती उठलीच. "थांबा, पाद्रीबाबा. केझाया विसरली नव्हती. हंडा मी नेला होता, चादरी धुवायला."

 केझाया मागे वळली. "चादरी धुवायला?"

"चुकलं गं माझं. मार मला, थुंक माझ्यावर!"

केझायानं हात उचलला नाही. "पाद्रीबाबा, तेवढी ओळ खोडा," म्हणाली.

पाद्रीबाबांनी खोडली. टेम्पी रडतरडत म्हणाली, "आता जाहिरातीचा नवा कागद जाईल. त्याला खरं कळेल, केझे."

"जाईल ना. पण तिकडे कुठल्या चर्चमध्ये बसून त्यानं जुनाच कागद ऐकला असेल, आणि केझायामुळेच मी विकला गेलो असं म्हणून उठून गेला असेल, तर त्याला कुठे गाठू, टेम्पे?"