जुनं जहाज, एकच केबिन आणि आमचे व्याही

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. चिरनेरच्या गणपतीची सहल वाचून ज्यांनी विचारलं होतं की काका, आता पुढे कुठे, त्यांना मी सांगितलं होतं की बोटीने गोव्याला जातोय, आलो की लिहितो. आलो, पण लिहिलं नाही. पुण्याहून एक निरोप यायचा होता, तो आला की निवांत लिहू असं रोज म्हणत राहिलो. निवांत होणं मला मुळात जमत नाही, त्यात निरोपही आला नाही. आता लिहूनच टाकतो.

आधी कारण सांगतो. आमची मेघा एकुलती एक, पुण्याला दिलेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथे पनवेलला, ही आमच्याकडची रीत, त्यामुळे हिने, म्हणजे आमच्या सौ. सुमनने, डिंक, खारीक, अळीव आणून डबे भरून ठेवले. मग विहीणबाईंचा पुण्याहून फोन आला की इथेच होऊ दे, तुमच्याकडे तळोज्याच्या कारखान्यांचा वास येतो म्हणतात. आता वास येतो, खोटं कसं बोलू? वारा तिकडचा असला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. मी फोनवर "हो, ते आहेच" म्हणालो आणि त्या "हो" वरून सुमन माझ्याशी आठवडाभर धड बोलली नाही.

तेवढ्यात जावयांनी ठरवलं की नातवंड आलं की तुम्हा चौघा व्याही-विहिणींना कुठे जाता येणार नाही, म्हणून आत्ताच बोटीवरून फिरून या. मुंबई ते गोवा आणि परत. सुमनला लगेच सुचलं. म्हणाली, "बोटीवरून ते उठून कुठे जाणार नाहीत. तुम्ही विषय काढायचा." मी म्हटलं, तू काढ. तर म्हणाली, विहिणी-विहिणींनी काढला की भांडण होतं, व्याह्यांनी काढला की चर्चा होते.

बुकिंग जावई मोबाईलवरून करणार होते. मला मोबाईलवरून पैसे पाठवायची धास्ती, म्हणून मी एसटी स्टँडजवळच्या एजंटाकडे गेलो. त्याने विचारलं, चौघं एकत्रच ना? व्याह्यांचा मान म्हणून मी म्हटलं, "एकत्रच. आम्ही काय वेगळे आहोत का, एकाच घरचे." एजंटाने मान डोलावली. माझा हा चांगुलपणा लक्षात ठेवा.

पनवेलहून जाणाऱ्यांसाठी: टॅक्सीने नव्या सागरी सेतूवरून शिवडीला उतरा, टोल जास्त आहे, पण बंदर पटकन येतं. मी पहाटेपासून सगळ्यांना, पुण्याहून निघालेल्या व्याह्यांनाही फोनवरून, घाई केली, तर बोटीवर घ्यायला दुपार झाली. आधार कार्ड पुरतं. सामान यंत्रातून जातं, इस्त्री आणि सुरी नेऊ नका. विहीणबाईंच्या पिशवीतला अडकित्ता काढून घेतला, परतताना दिला. त्यांच्यासाठी तो प्रवासाचा पहिला अपशकुन.

बोट लांबून पांढरीशुभ्र दिसते. जवळ गेल्यावर कळतं की तो रंग थरावर थर आहे, इतका की खिळ्यांची डोकी बुजली आहेत. आमच्या बाजारात माझं ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान होतं, त्यामुळे दोर तेवढे मी आधी बघून घेतले. दोर नवे होते. त्यावर मी थोडा शांत झालो. ही बोट पूर्वी युरोपात फिरायची, आता इकडे आली आहे. दारांना उंच उंबरे आहेत, पहिल्या दिवशी सगळेच अडखळतात. छत ठेंगणं. सिगारेट ओढायला बंदी आहे, पण संडासाच्या दारावर राखेची डबी अजून पितळी चकचकीत.

केबिन दाखवायला जो माणूस आला तो उरणजवळच्या करंज्याचा कोळी निघाला. वय चाळिशीच्या पुढे, बोटीवर बरीच वर्षं. पनवेल म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. त्याने दार उघडलं. आत समोरासमोर दोन बर्थ, आणि भिंतीत दुमडलेले आणखी दोन. खिडकी नाही. खिडकीच्या जागी पडदा लावला होता, तो मी बाजूला केला तर मागे भिंतच.

"आणि आमची दुसरी केबिन?" व्याही नानासाहेबांनी विचारलं.

"दुसरी नाय. चौघांची हीच हाय," तो म्हणाला. "एकाच घरचे ना तुमी? कागदावर तसाच हाय."

मला वाटलं उंबऱ्यावरून परत खाली उतरावं. सुमनने माझ्याकडे पाहिलं नाही, हे जास्त भीतीदायक होतं. काउंटरवर विचारलं, बोट भरलेली होती.

आता झोपायचं कसं. मुलाकडची मंडळी, त्यांना खालचे बर्थ द्यायला हवेत. मी आणि सुमन वर जातो म्हणालो. नानासाहेब म्हणाले, छे, तुमचा पाय दुखतो, आम्ही वर जातो. मी म्हटलं तुम्ही मानाचे. ते म्हणाले मान लग्नात झाला. असं बराच वेळ चाललं, दोन्ही बायका पलंगाच्या कडेला पर्सा धरून बसलेल्या, आणि करंज्याचा भाऊ शिडी धरून उभा. शेवटी तो म्हणाला, "काका, ठरवा लवकर. मला अजून केबिनी हायेत. बायका खाली, बापे वर." कोणाचाच अपमान होणार नाही असा हा एकच तोडगा होता, आणि तो आम्हा चौघांना सुचला नव्हता.

वर चढलो. नाकासमोर छत. पलीकडच्या बर्थवर नानासाहेब, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले वजनदार गृहस्थ, पाठीवर पडून म्हणाले, "भाऊ, लग्नात तुम्ही मला बसायला उंच आसन दिलं होतं. पण हे त्याहून उंच आहे." खालून विहीणबाई हसल्या. लग्नापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

जुन्या बोटीवर जाणाऱ्यांना काही गोष्टी सांगून ठेवतो. एसी एकाच थंडीवर चालतो, बटण फिरवलं तर फक्त बटण फिरतं. शाल न्या. नळाचं पाणी आधी थोडं तांबूस येतं, सोडून द्या. प्लगची जागा एकच आणि तीही परदेशी पिनची, अडॅप्टर न्या. आमच्या चार मोबाईलची पाळी नानासाहेबांनी ठरवून दिली, खात्यात पाणी सोडायची ठरवत तशी. केबिन बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर मागा. आमची शेपटाकडे होती, तिथे इंजिनामुळे टेबलावरचा पेला सारखा किणकिण करतो. आणि संडास. पाणी सोडलं की तो असा गरजतो की आत कोण आहे हे सगळ्या ओळीला कळतं. व्याह्यांसमोर हे अवघड. पण विहीणबाईंनी यावर फार सभ्य उपाय काढला. कोणीही आत जायला उठलं की त्या मोठ्या आवाजात काहीतरी सांगायला लागायच्या. त्यांच्या भाच्याच्या साखरपुड्याची हकीकत मी अशी तुकड्यातुकड्यांनी पूर्ण ऐकली.

चांगलंही सांगितलं पाहिजे. नव्या बोटींवर घसरगुंड्या आणि धिंगाणा असतो म्हणे. इथे लाकडी डेक आहे, बोटीला पूर्ण फेरी मारता येते, आणि बाकांवर बसून माणसं बोलतात. माणसं ओळखीची होतात. जेवण पोटभर आणि तिकिटातच. शाकाहारी वेगळं मिळतं, पापलेट मात्र बरं नव्हतं, पनवेलच्या माणसाने ते खाऊ नये. चहा सकाळी साधा फुकट, कॉफीच्या दुकानातला विकतचा. पाण्याची बाटली बाहेरून भरून घ्या, खोलीतली उघडली की पैसे लागतात. उशाशी ठेवलेली उघडू नका, असं मी नानासाहेबांना रोज सांगत होतो.

निघायच्या आधी जीव वाचवायची तालीम असते. केशरी जाकीट घालून रांगेत उभं करतात. मी अधिकाऱ्याला विचारलं की खरंच वेळ आली तर हे ओढायचं की फुंकायचं. त्याने दाखवलं. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर विहीणबाई म्हणाल्या, भाऊ, तुमचं जाकीट मी फुंकते, तुम्ही उभे राहा.

दुसऱ्या दिवशी गोवा. उतरून टॅक्सी करायची तर आधी भाव ठरवा, बंदराच्या दारातला सोडून थोडं पुढे चालत जा. मंगेशी बघितलं, बाजारात काजू घेतले, ऊन फार होतं. दिवसभर मी विषय काढायची संधी शोधत होतो. देवळात काढावा तर देवाच्या दारात सौदा नको. टॅक्सीत ड्रायव्हर ऐकत होता. जेवताना नानासाहेब मन लावून जेवत होते. सुमन प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायची आणि मी सरबत मागवायचो.

तिसऱ्या दिवशी बोट नुसती समुद्रात चालते. दुपारी जेवणानंतर वरच्या मजल्यावर तंबोला होता. सुमन आणि नानासाहेब जिन्याने पुढे गेले. विहीणबाईंचा गुडघा धरतो, त्यांना लिफ्ट हवी. एकट्या कशा जातील, म्हणून मी सोबत निघालो. जुन्या बोटीबद्दल माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हा: लिफ्टमध्ये बसू नका. ती दोन मजल्यांच्या मध्ये हिसका देऊन थांबली.

मोबाईलला रेंज नाही. घंटेचं बटण दाबलं, कुठेतरी लांब सायकलच्या घंटीसारखं वाजलं. भोंग्यातून कोणीतरी इंग्रजीत काळजी करू नका म्हणालं. काळजी करू नका म्हटलं की मला जास्त होते. मला घाम फुटला. विहीणबाईंनी पर्समधून आवळा सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली आणि स्वतः आरशात टिकली नीट केली. ती लहानशी पेटी, त्यात आम्ही दोघंच, बोलायचं काय? बोट बुडाली तर हे राहून जाईल असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं आणि मी बोलून गेलो.

"विहीणबाई, मेघाचं बाळंतपण पनवेलला होऊ द्या. वासाचं मी बघतो. खिडक्या बंद ठेवू, ते हवा शुद्ध करायचं मशीन आणू."

त्यांनी पर्सची चेन लावली. मग म्हणाल्या, "वासाचं मी आपलं निमित्त सांगितलं हो."

मी हातातली आवळा सुपारी तोंडात टाकली.

"मला मुलगी नाही, भाऊ. मुलगा एकच. सून आली तर तिचं बाळंतपण तिच्या आईकडे. म्हणजे माझ्या घरात बाळंतीण कधी निजायचीच नाही. मी कधी शेक द्यायची, कधी बाळाला न्हाऊ घालायचं? मला बारशाला पाहुणी म्हणून बोलावणार तुम्ही. बुंदीचा लाडू हातात देणार."

हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. लेकीचा बाप असल्याने रीत आपल्या बाजूची होती, त्यामुळे ती कोणाच्या विरुद्ध आहे हे बघायची वेळच आली नाही. सुमनचे भरलेले डबे डोळ्यांसमोर आले आणि या बाईचे रिकामे. कोणाला काय सांगायचं? त्या क्षणी लिफ्ट हातभर खाली सरकली, मी कठडा धरला आणि भीतीच्या भरात म्हणालो, "मग तुम्हीच या ना पनवेलला. आधीपासून या, सव्वा महिना राहा. न्हाऊ तुम्ही घाला, शेक ही देईल. नाहीतर उलटं करा."

"तुमच्याकडे आणखी एक खोली आहे?"

"नाही."

"मग निजायचं कुठे, वरच्या बर्थवर?"

आणि त्या हसल्या. मीही हसलो असतो, पण लिफ्ट पुन्हा हलली. मग वरून दार फाकवून करंज्याच्या भावाने हात घातला. आधी विहीणबाईंना ओढून घेतलं, मग मला. "जुनी हाय," तो लिफ्टला थापटत म्हणाला, "दुपारची जरा झोपते."

चालता चालता विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "बघते. घरी जाऊन विचार करते आणि कळवते."

तंबोल्यात सुमनला मी कानात सांगितलं. ती आकडे खोडता खोडता म्हणाली, "तुम्हाला विचारायला पाठवलं होतं. बोलवायला नव्हतं पाठवलं." आणि नंतर, "मुलगी नाही असं म्हणाल्या?" मी हो म्हटलं. त्यानंतर तिचे दोन आकडे चुकले.

सकाळी मुंबईला उतरलो. नानासाहेबांनी मला मिठी मारली, म्हणाले आता तुमचं घोरणं मला ओळखू येतं, नातं पक्कं झालं. ते पुण्याच्या गाडीत बसले, आम्ही पनवेलला आलो. घरात शिरल्यावर दोन दिवस जमीन हलतेय असं वाटत होतं, डॉक्टर म्हणाले असं होतं.

कोणी विचारतं, जावं का अशा बोटीवर? जा. नव्या बोटीइतकं चकाचक मिळणार नाही, पण पैसे बरेच कमी लागतात आणि माणसांपासून लांब पळायला जागा नसते. ते बरं की वाईट, हे कोणाबरोबर जाताय त्यावर अवलंबून आहे. एजंटाला मात्र दोन केबिन असं स्पष्ट सांगा.

आता राहिलं ते. मेघा म्हणते, तुम्ही चौघांनी काय ते ठरवा, मला कुठेही चालेल, फक्त भांडू नका. तिला सातवा संपत आलाय. यानंतर लांबचा प्रवास नको असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी रोज फोनकडे बघतो, स्वतःहून विचारायला धीर होत नाही. माझ्या फोनमुळे विहीणबाईंना घाई वाटेल, आणि नाही केला तर आमची इच्छा नाही असं वाटेल. सुमन मला यावर काही बोलत नाही. पण गेल्या आठवड्यात तिने बाहेरची खोली रिकामी केली, दिवाण भिंतीला लावला आणि जुन्या गादीचा कापूस पिंजून नवी गादी भरून घेतली. कोणासाठी, असं मी विचारलं नाही.

मेघा सांगते, हा ब्लॉग पुण्यात सगळ्यात आधी तुम्ही वाचता, विहीणबाई. म्हणून इथेच लिहितो. गादी तयार आहे, खालीच आहे, चढावं लागणार नाही. येणार असाल तर मेघाला घेऊनच या. येणार नसाल तर तसं सांगा, मग आम्ही दोघं पुण्याला येतो, आम्हाला कुठेही झोपायला चालतं. पण काय ते लवकर कळवा. आजच कळवलंत तर फारच बरं.