पाठीवरचा हात

दवाखान्याच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करता करता तिची चाळिशी उलटली. नवरा वारल्यापासून घरात ती आणि नणंद, दोघीच. नणंदेनंच मागे लागून तिला घराबाहेर काढलं. "वहिनी, घरात बसून कुजशील. जा, नाच शिक."

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जोडीनं नाचायचा क्लास चाले. मास्तरांनी तिच्या जोडीला दिला दातवाला. कवळ्या बनवणारा, पोट सुटलेला, भलताच मुखदुर्बळ माणूस. तिला मनातून हसूच आलं. पण गाणं सुरू झालं, त्यानं तिच्या पाठीवर तळवा टेकवला आणि तिचं हसू कुठल्या कुठे पळालं. तो हात ढकलत नव्हता, ओढतही नव्हता. नुसता सांगायचा, आणि तिचे पाय ऐकायचे. त्याचा श्वास कानाशी आला की अंगावर काटा उभा राहायचा. दिवसा इस्त्रीच्या वाफेत उभी असतानाही पाठीवरची तेवढी जागा तिला वेगळी जाणवायची. हॉलमधल्या बायका कुजबुजू लागल्या होत्या. खरं तर नाचाबाहेर दोघं एकमेकांशी धड बोललेही नव्हते.

वर्षभरानं, सुटीच्या दुपारी, तीच म्हणाली, "तुमच्या खोलीवर जाऊ या."

खोलीत खिडकीपाशी प्लास्टरचे जबडे वाळत पडले होते. दोघांनी पाठमोरं होऊन कपडे उतरवले. जवळ आले, आणि काहीच होईना. त्याचे हात गारठलेले, तिचं अंग लाकडासारखं. कुठून सुरुवात करायची तेच कळेना.

"गाणं लावू का?" त्यानं विचारलं.

तिला हसू फुटलं ते आवरेचना. तो हसला नाही. भिंतीकडे तोंड करून त्यानं शर्ट चढवला.

पुढच्या क्लासला पाठीवर आला तो नुसता हात होता, घामट. तिनं डोळे मिटून वाट पाहिली. काही नाही.

"अहो, नाचताय की एकमेकांना रस्ता ओलांडून देताय?" मास्तर ओरडले. सगळा हॉल हसला.

महिनाभरात दातवाला यायचा बंद झाला. मास्तरांनी दुसरा जोडीदार दिला, चांगला नाचणारा. ती काही दिवस पावलं टाकत राहिली, मग तिनंही क्लासचा नाद सोडला.

"आज जायचं नाही?" नणंदेनं विचारलं.

"गुडघा धरलाय."

नणंद तेल कोमट करून घेऊन आली. तिनं धडधाकट गुडघा मुकाट्यानं पुढे केला.

"इथं दुखतंय का, वहिनी?"

"हो," ती म्हणाली, आणि हुंदका तिला आवरला नाही.

"अगं, इतकं दुखत होतं तर सांगायचं नाहीस का?" म्हणत नणंद आणखी जोरानं चोळू लागली.